ग्लुकोज पेशीत जातं ते ॲक्टिव्ह की पॅसिव्ह?

दादर_सायन्स: अकरावीला आहे, मेडिकलची नीट द्यायचीय. क्लासच्या नोट्समध्ये ग्लुकोज फॅसिलिटेटेड डिफ्युजनने (प्रोटीनच्या मदतीने पण ऊर्जा न खर्चता, म्हणजे पॅसिव्ह) जातं असं दिलंय आणि कॉलेजात मॅडम ॲक्टिव्ह ट्रान्सपोर्ट (ऊर्जा खर्चून) म्हणतात, दोघंही ठाम. आणि मेंब्रेन, म्हणजे पेशीचं आवरण, जर फॅटचं तर साखर त्यातून जातेच कशी? सरांनी लोकलच्या दाराचं उदाहरण दिलं, डोक्यात होतं तेही गेलं.

झूलॉजीवाली_ताई: दोघंही बरोबर आहेत रे, कुठली पेशी ते कोणी सांगितलंच नाही. मेंब्रेन म्हणजे लिपिडचे दोन थर, डोकी पाण्याकडे आणि शेपट्या आत एकमेकींकडे, सगळं मिळून जाडी जेमतेम ७-८ नॅनोमीटर. मधला भाग तेलकट, त्यातून ऑक्सिजन, कार्बन डायऑक्साइड आरामात जातात पण ग्लुकोजला पाणी आवडतं, तेल नाही, त्यामुळे त्याला प्रोटीनच लागतं. आता आरबीसी, म्हणजे लाल रक्तपेशी घे. रक्तात ग्लुकोज जास्त, पेशीत कमी, कारण आत आलं की लगेच त्याला फॉस्फेट चिकटवलं जातं. मग ग्लट-१ नावाच्या प्रोटीनमधून ते आपोआप आत येतं, एटीपी म्हणजे पेशीचं ऊर्जेचं चलन लागत नाही. आतड्यात मात्र जेवणातलं शेवटचं ग्लुकोजसुद्धा ओढून घ्यायचं असतं, आत आधीच जास्त असलं तरी. तिथे एसजीएलटी-१ नावाचं प्रोटीन २ सोडियमसोबत १ ग्लुकोज आत घेतं. सोडियम आत यायला उतावीळ का, तर पेशीच्या दुसऱ्या बाजूचा पंप एक एटीपी खर्च करून ३ सोडियम बाहेर फेकतो आणि २ पोटॅशियम आत घेतो, त्यामुळे आत सोडियम कायम कमी. म्हणजे खर्च पंपाचा, फायदा ग्लुकोजचा, म्हणून सेकंडरी ॲक्टिव्ह. पुढे पेशीतून रक्तात जाताना परत ग्लट-२, फुकटात.

कुर्ला_फार्मसी: ओआरएस, म्हणजे जुलाबात देतात ते मीठ-साखरेचं पाणी, ह्याच एसजीएलटी-१ वर चालतं. कॉलऱ्यात आतडं पाणी सोडत असतं पण हे प्रोटीन शाबूत असतं, सोडियम आणि ग्लुकोज जोडीने आत गेले की पाणीही मागोमाग जातं. डब्ल्यूएचओच्या फॉर्म्युल्यात लिटरला दोन्ही ७५-७५ मिलिमोल, ते उगाच नाही. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी सलाइन संपत आल्यावर असंच मीठ-ग्लुकोजचं पाणी पाजून लोक वाचवले. आणि आमच्याकडे पाऊस सुरू झाला की लोक जुलाबाला नुसती ग्लुकोज पावडर मागतात! मीठ नाही आणि साखर भरमसाठ, म्हणजे पाणी उलट आतड्यात खेचलं जायचं. कितीही सांगा.

दादर_सायन्स: भारी! ताई, पण एमसीक्यूला काय टिक करू?

झूलॉजीवाली_ताई: आरबीसी किंवा स्नायू दिसला तर फॅसिलिटेटेड, आतडं किंवा किडनीची नळी दिसली तर सेकंडरी ॲक्टिव्ह. नुसतं 'ॲक्टिव्ह' एवढाच ऑप्शन असेल तर आतड्याला तोच. आणि पंपाचे ३ आणि २ उलटे लिहू नकोस, दरवर्षी निम्मा वर्ग तिथेच मार्क घालवतो.