मदत हवी आहे : लेखनमंडळातील चर्चेचा नियम कसा असावा?

नागपूरच्या धरमपेठेत एका सदस्याच्या घरी आम्ही नऊ जण महिन्यातून दोनदा, रविवारी सायंकाळी, स्वतः लिहिलेले ललित लेखन एकमेकांना वाचून दाखवतो. सदस्यांची वये 24 ते 71 आहेत. वाचनानंतर एकतर सर्व जण "छान" म्हणून थांबतात, किंवा ऱ्हस्वदीर्घाची चर्चा सुरू होते. ज्या अनुभवातून ते लेखन आले, त्याविषयी कोणी बोलत नाही. वऱ्हाडीत लिहिणाऱ्या दोघांची वाक्ये एकाने प्रमाण मराठीत "दुरुस्त" केली, तेव्हापासून ते दोघे आलेले नाहीत. त्यांना आम्ही पोस्टकार्डे पाठवली. एकाचे उत्तर आले, तेही वऱ्हाडीतच, आणि खरे सांगायचे तर आमच्या मंडळातील या वर्षीचे ते सर्वांत जिवंत लेखन आहे.

निनावी वाचन करून पाहिले, परंतु एवढ्या लहान गटात भाषेवरूनच माणूस ओळखू येतो. लेखी अभिप्रायही मागवले, ते अधिकच गुळमुळीत निघाले. तिघांकडे स्मार्टफोन नाही, त्यामुळे ऑनलाइन गट हा पर्याय नाही. बाहेरचा मार्गदर्शक बोलावण्यासाठी पैसेही नाहीत.

चर्चा सुरू असताना लेखकाने पूर्ण मौन पाळावे, की वाचनापूर्वी त्यानेच श्रोत्यांना एक नेमका प्रश्न द्यावा? ज्यांनी असे मंडळ काही वर्षे चालवले आहे, त्यांच्याकडे यांपैकी कोणत्या पद्धतीने मोकळेपणाही राहिला आणि माणसेही टिकली?