फोन मराठीत ठेवला म्हणून अडाणी?

जांबोटीकर
काल आपल्या गटात 'मोबाईलचा पुरेपूर वापर' म्हणून एक यादी फिरली. बॅटरी शून्यावर आणून मग १०० टक्के भरा, उघडी ॲप सारखी सारून बंद करा आणि फोन इंग्रजीतच ठेवा, 'मराठी अडाण्यांसाठी असतं'. हे शेवटचं वाचून रात्री नीट झोप लागली नाही.

शून्यावर आणायचा सल्ला जुन्या निकेल-कॅडमियम बॅटरीचा. आताच्या लिथियम-आयनला तेच बाधतं. २० ते ८० च्या दरम्यान ठेवली आणि तापू दिली नाही तर ती जास्त वर्षं जाते. ॲप सारून टाकलं की पुढच्या खेपेला पहिल्यापासून उघडावं लागतं, त्यात बॅटरी जास्तच जाते. कणकुंबीच्या रानात चार्ज उतरतो तो फोन सारखा टॉवर शोधतो म्हणून. तिथं विमान मोड लावा.

आणि मराठीचं म्हणाल तर माझी आई सातवी शिकलेली. फोन मराठीत करून दिला, कीबोर्डवरचा माईक दाखवला. आता चुलीपुढं बसून, हाताला पीठ असलं तरी करंगळीनं माईक दाबून ती पुण्याच्या नातवाला चार ओळी पाठवते. तिला अडाणी म्हणायचं?

टिळकवाडी
यादी मीच टाकली होती. अडाणी हा शब्द चुकला, मागं घेतो. पण मुद्दा सोडणार नाही. फोन अडकला की दुकानातला पोरगा इंग्रजी नावंच सांगतो. मराठी सेटिंगमध्ये ती सापडतात का? बँकेच्या ॲपमध्ये मराठी शब्द वाचून मी स्वतः चुकीचं बटण दाबलंय.

निपाणीचा मास्तर
ॲन्ड्रॉइड १३ पासून ॲपागणिक भाषा निवडता येते. फोन मराठीत आणि बँकेचं ॲप इंग्रजीत, असं ठेवा की. त्या ॲपनं सोय दिलेली असली म्हणजे झालं.

पण तुम्ही दोघं मराठी-इंग्रजीत अडकलाय. आपल्या बेळगाव भागात फोनचा खरा उपयोग कन्नड सरकारी कागद वाचायला. गेल्या वर्षी मोजणीची नोटीस आली, सगळी कन्नडात. कचेरीत विचारलं तर 'वाचून घ्या' म्हणाले. गूगल लेन्स, म्हणजे कॅमेऱ्यातून भाषांतर करणारं ॲप, धरलं, तारीख कळली, वेळेवर शेतात हजर राहिलो. नाहीतर बांध गेलाच होता.

खडेबाजार
मास्तर, रागावू नका, पण इथं जन्म काढून कन्नड वाचता येऊ नये? फोनवर विसंबण्यापेक्षा अक्षरं शिका. महिन्याभराचं काम आहे.

निपाणीचा मास्तर
बाजारात, बसमध्ये, शेतात मी कन्नडच बोलतो. शाळा मराठी झाली म्हणून लिपी डोळ्यात बसली नाही. चाळीस वर्षं हेच ऐकालोय. बोलतो ते कुणी मोजत नाही, वाचत नाही तेवढंच दिसतंय!

खानापूर रोड
लेन्सवर जमिनीचा कागद सोडू नका, हात जोडून सांगालोय. शेजाऱ्याचं आडनाव कोळी. पहाणीवर, म्हणजे आपल्याकडच्या सातबाऱ्यावर, धरलं तर फोननं मालकाच्या जागी 'कोंबडी' लिहिलं, कारण कन्नडात कोळी म्हणजे कोंबडी. ते निदान दिसलं. क्षेत्राचं दिसत नाही. पहाणीत २.१०.०८ असतं, म्हणजे २ एकर १० गुंठे ८ आणे (आठ आणे म्हणजे अर्धा गुंठा). माझ्या भावानं ते दशांशात धरून सव्वादोनऐवजी दोन एकर दहा शतांश समजून सौदा बोलला. साडेसहा गुंठ्यांचा फरक! आणि अकरा नंबरचा रकाना, हक्क आणि ऋणांचा, तो कळता माणूस जवळ बसवूनच वाचा. सोसायटीचं कर्ज तिथं असतं.

जांबोटीकर
मी फोनच्या भाषेवर लिहिलं होतं, तुम्ही पहाणीवर गेलात.

खानापूर रोड
मग काय गाण्यांवर बोलू? माणसाचं रान जातंय तिथं.

टिळकवाडी
रान तुमच्या भावाच्या हिशोबानं गेलं, फोननं नाही. आकडा तर फोननं बरोबरच दाखवला.

खानापूर रोड
रान गेलं नाही, सौदा मोडला. तीन महिने दोन घरं बोलत नव्हती. तुम्ही टिळकवाडीत बसून हिशोब शिकवू नका.

खडेबाजार
बरं, माझंही ऐका. लेन्स छापील कागदाला चालतं हे मान्य. हातानं लिहिलेल्या जुन्या फेरफाराला मी ते लावून बघितलं, एक ओळ धड आली नाही. म्हणून म्हणतो, अक्षरं शिका. मास्तर, गूगलच्या कीबोर्डमध्ये मराठीसोबत कन्नड घाला, रोज आपलं आणि गावाचं नाव लिहा. मी तसाच शिकलो, पन्नाशीत.

निपाणीचा मास्तर
आधी असं सांगितलं असतंत तर भांडलो नसतो. कीबोर्ड घातलाय. 'निपाणी' जमलं. 'ळ' कुठं आहे तेवढं सांगा.