ठासणीच्या लाँग रायफलीच्या नळीला कोणता रंग द्यावा?

सस्क्वेहाना:

नमस्कार. मी पेनसिल्व्हेनियातील लँकेस्टरजवळ राहतो आणि अठराव्या शतकात याच भागात घडलेल्या लाँग रायफलीच्या धर्तीवर एक ठासणीची रायफल हाताने तयार करत आहे. नमुना १७७० च्या दशकातला, म्हणजे जेकब डिकर्टसारखे कारागीर लँकेस्टरमध्ये काम करत होते त्या काळातला धरला आहे. चकमकीचा चाप (गारगोटीच्या ठिणगीने दारू पेटवणारी यंत्रणा), कर्ली मेपलचा (लाटेदार रेषांच्या लाकडाचा) दस्ता आणि पितळी साज असे तिचे स्वरूप आहे. नळी मात्र मी विकत आणली. ती १२एल१४ पोलादाची, अष्टकोनी, ४२ इंच लांब आणि .५० कॅलिबरची असून मागे जाड, मध्ये निमुळती आणि तोंडाशी पुन्हा किंचित रुंद होत जाते. पुढची माशी (नेम धरण्याचा उंचवटा) मी डाखाने, म्हणजे वितळणाऱ्या धातूच्या जोडाने, बसवली आहे. कानशीचे काम संपले आहे आणि आता रंगाचा निर्णय घ्यायचा आहे.

नळी तपकिरी करावी, निळी करावी की उघड्या पोलादाचीच ठेवावी, या तीन पर्यायांत माझा निश्चय होत नाही. आमच्या राज्यात नाताळनंतर चकमकीच्या बंदुकीने हरणाच्या शिकारीचा हंगाम असतो, आणि त्या दिवसांत बर्फ, पाऊस आणि ओलसर धुके हे सगळेच वाट्याला येते. त्यामुळे नळी चमकू नये आणि गंजू नये ही गरज आहेच, पण काळाशी विसंगत दिसणारी नळीही मला नको आहे. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

कानस:

शिकारीला नेण्याची रायफल असेल तर मी संथ गंजाचे ब्राउनिंगच सुचवेन. या पद्धतीत आपण पोलादावर मुद्दाम बारीक, एकसारखा गंज चढवतो, सुटा गंज घासून काढतो आणि घट्ट बसलेला थर पुन्हापुन्हा वाढवत नेतो. तयार झालेला पृष्ठभाग मंद असतो, उजेड परावर्तित करत नाही आणि तेल किंवा मेण चांगले धरून ठेवतो. पुढे कुठे ओरखडा पडला तर तेवढ्याच जागी तो दुरुस्तही करता येतो.

नळीला आरशासारखी चकाकी आणू नका. २२० ते ३२० क्रमांकाच्या पॉलिशपेपरपर्यंतची घासणी पुरेशी असते, कारण फार गुळगुळीत पृष्ठभागावर गंज चढवणारे द्रावण नीट धरत नाही. पेपर नुसत्या बोटांनी धरू नका, तो सपाट ठोकळ्याला किंवा कानशीला गुंडाळूनच चालवा. असे केले नाही तर अष्टकोनाच्या कडा गोल होतात, आणि कडा मेल्या की हाताने केलेल्या नळीचे निम्मे सौंदर्य जाते. त्यानंतर नळी पूर्ण तेलमुक्त करून हातमोजे घालूनच हाताळावी. दोन्ही टोकांत घट्ट लाकडी खुंट्या बसवल्या की त्याच मुठी म्हणून वापरता येतात, आणि रंजकाची आग आत जाते त्या कानात लाकडाची बारीक काडी ठोकावी. नळीच्या आत ग्रीस भरून ठेवण्याचा मोह टाळा, कारण ते पाझरून बाहेर येते आणि त्या जागी रंग धरत नाही.

द्रावण अगदी पातळ, एकाच दिशेने आणि एकदाच फिरवून लावायचे असते. ओल्या जागेवर पुन्हा हात फिरवला की पट्टे उमटतात. मग तळाशी गरम पाण्याचे भांडे ठेवलेल्या उभ्या बंद पेटीत नळी काही तास टांगावी, जाडसर कापडाने किंवा स्टील वूलने सुटा गंज काढावा आणि रंग एकसारखा होईपर्यंत हा क्रम चालू ठेवावा. बाजारातील स्टील वूलला बहुधा तेल लावलेले असते, तेव्हा ते आधी अ‍ॅसिटोनमध्ये धुऊन घ्या. शेवटी खाण्याच्या सोड्याचे पाणी आणि भरपूर गरम पाणी वापरून प्रक्रिया थांबवावी आणि नळी गरम असतानाच तेल चोपडावे. पुढचे काही दिवस गंज पुन्हा डोकावतो, म्हणून त्या काळात तेलाचा हात रोज फिरवावा लागतो.

नळी सुमारे १३५ अंश सेल्सिअसपर्यंत तापवून लावायची झटपट द्रावणेही मिळतात. लहान सुट्या भागांसाठी ती चांगली आहेत, पण ४२ इंचांची नळी टॉर्चने सर्वत्र सारखी तापवणे फार अवघड असते.

जुनी_नळी:

वरील कृती उत्तम आहे, परंतु प्रश्नकर्त्यांनी १७७० चे दशक स्पष्टपणे सांगितले असल्यामुळे एक मुद्दा मांडणे मला आवश्यक वाटते. आज संग्रहालयांत दिसणाऱ्या बहुतेक लाँग रायफलींच्या नळ्या तपकिरी असतात, म्हणून मूळ रंगही तपकिरीच असणार असा समज पसरला आहे. तो तपकिरीपणा बऱ्याचदा दोन-अडीच शतकांच्या हाताळणीचा, ओलीचा आणि तेलाचा परिणाम असतो. नळी दस्त्यातून काढल्यावर, जिथे उजेड आणि घाम पोहोचत नाही अशा तिच्या खालच्या बाजूस काही वेळा मूळ निळ्या रंगाचे अवशेष सापडतात, आणि माझ्या मते हा पुरावा वरच्या बाजूच्या रंगापेक्षा अधिक विश्वासार्ह आहे.

लष्करी बंदुकांचा इतिहासही याच दिशेने जातो. अठराव्या शतकातील ब्रिटिश पायदळाच्या बंदुकांच्या नळ्या घासून लखलखीत ठेवल्या जात. १८०० मध्ये स्वीकारलेल्या बेकर रायफलीची नळी तपकिरी होती, आणि अमेरिकेत १८१६ च्या नमुन्याच्या बंदुकांपैकी काही १८२० च्या दशकात तपकिरी करण्यात आल्या. अर्थात तपकिरी रंगाचा खरा प्रसार शतक बदलताना आणि त्यानंतर झालेला दिसतो. आपण सेंट लुईसच्या हॉकेन बंधूंच्या धर्तीची, एकोणिसाव्या शतकातली रायफल करत असता, तर मी कानस यांच्याशी पूर्ण सहमत झालो असतो. १७७० च्या दशकातील लँकेस्टरच्या रायफलीसाठी मात्र उघडे पोलाद किंवा कोळशातील निळा रंग (नळी कोळशात तापवून आणलेला) मला अधिक योग्य वाटतो.

उघड्या पोलादाविषयी लोक विनाकारण घाबरतात. लखलखीत नळी एका हंगामात तेल आणि हाताळणीने राखाडी, मंद होते आणि मग ती फारशी चमकत नाही. मात्र तिची निगा रोज घ्यावी लागते, आणि बर्फातल्या दिवसानंतर ती साफ न करता ठेवणे परवडत नाही. तेवढी शिस्त नको असेल तर नळीवर गंज-ब्लूइंग (चढवलेला गंज पाण्यात उकळून काळा-निळा करणे) करावे आणि नंतर तो रंग बारीक स्टील वूलने, विशेषतः कडांवर आणि हात पडतो त्या जागी, हलकेच उतरवावा. वापराने झिजलेल्या जुन्या निळ्या नळीचा राखाडी-निळा रंग त्यातून बराच जवळून साधतो.

धातुवेध:

नळीचे पोलाद आणि माशीचा डाख या दोन गोष्टींनी इथे काही पर्याय आपोआप बाद होतात. कोळशातील निळ्या रंगासाठी नळी कोळशात पुरून साधारण ३७० ते ४३० अंशांपर्यंत तापवावी लागते. कथील-शिशाचा नेहमीचा डाख १८३ अंशांना वितळतो आणि कथील-चांदीचा शिसेविरहित डाखही सुमारे २२१ अंशांना सुटतो. त्यामुळे माशी खाली पडेल हे निश्चित. शिवाय थंड ओढलेल्या पोलादात आतील ताण शिल्लक असेल तर तापवल्यावर तो मोकळा होतो, आणि अशी लांब, मध्ये निमुळती नळी असमान आधारावर वाकण्याची शक्यता राहते. ज्या नळीत आटे (आतल्या पिळदार खाचा) आणि नेम आधीच अचूक आहेत, तिला मी या धोक्यात घालणार नाही.

कॉस्टिक क्षारांच्या उकळत्या द्रावणातील ब्लूइंग सुमारे १४० अंशांना होते, म्हणून डाख वितळणार नाही, पण ते द्रावण कथील आणि शिसे खाते आणि सांधा कमकुवत करते. शिवाय ती विसाव्या शतकातील पद्धत आहे आणि तिचा चकचकीत काळा रंग या रायफलीला शोभणार नाही.

गंज-ब्लूइंग मात्र १०० अंशांच्या वर जात नाही. त्याची सुरुवात कानस यांनी सांगितलेल्या कृतीसारखीच असते. प्रत्येक वेळी गंज चढल्यावर नळी स्वच्छ पाण्यात १० ते २० मिनिटे उकळली, की लाल ऑक्साइडचे काळ्या मॅग्नेटाइटमध्ये रूपांतर होते. हा काळा थर घट्ट असतो आणि ओलीला चांगला टिकतो. पाणी ऊर्ध्वपातित वापरावे, कारण नळाच्या पाण्यातील क्लोरीन आणि क्षारांमुळे डाग पडतात. दोन्ही टोके बंद करून नळी उकळू नये. आतली हवा प्रसरण पावून खुंटी उडवते. एका खुंटीला आरपार छिद्र ठेवून ते टोक पाण्याबाहेर राहील अशी व्यवस्था करावी. एवढे लांब पातेले मिळणार नाही, तेव्हा उभ्या पाइपात खालून वाफ सोडली तरी तेच काम होते.

१२एल१४ मध्ये कार्बन कमी असतो आणि यंत्रकामासाठी थोडे शिसे मिसळलेले असते. सुरुवातीच्या थरांत रंग ठिपक्याठिपक्यांचा दिसला तर घाई करून द्रावण जास्त लावू नका, कारण जाड थराने पृष्ठभाग कोरला जातो. द्रावणात मोरचूद असेल तर तांब्याची गुलाबी झाक दिसते आणि ती घासल्यावर निघून जाते. कानात स्टेनलेस पोलादाची बाही बसवलेली असेल तर तिच्यावर रंग चढणार नाही, हे आधीच लक्षात घ्यावे. आणि एक कळकळीची विनंती आहे: जुन्या कृतींमध्ये पाऱ्याचा विषारी क्षार वापरायला सांगितलेला आढळतो. ती कृती घरात करू नका.

खाडीकाठ:

मी सिंधुदुर्गातला. आमच्याकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरील जुन्या ठासणीच्या बंदुका आहेत आणि पावसाळ्यात त्यांचे काय होते ते मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे. नळीचा वरचा भाग सगळेच पुसतात, पण गंज सुरू होतो तो लाकूड आणि लोखंड यांच्या मधल्या जागेत, कानाभोवती आणि तोंडाशी. काळ्या दारूच्या राखेतले पोटॅशियमचे क्षार हवेतील ओल ओढून घेतात, आणि ती राख नुसत्या तेलाने जात नाही. तिला पाणीच लागते, आणि त्या पाण्याचा थेंब दस्त्याच्या खोबणीत उतरला की तिथेच बसतो.

म्हणून रंग कोणताही निवडा, पण नळीची खालची बाजूही तितक्याच काळजीने रंगवा आणि दस्त्यात बसवण्याआधी तिला मेणाचा चांगला थर द्या. लाँग रायफलीची नळी बारीक खिळ्यांनी दस्त्याला जोडलेली असते आणि पुढचे लाकूड फार पातळ असते. प्रत्येक सफाईला ती काढत बसलात तर एक दिवस लाकूड चिरेल. मेपलला रंग देण्यासाठी नायट्रिक आम्लाचे द्रावण वापरले असेल तर खोबणीतले उरलेले आम्ल सोड्याच्या पाण्याने निष्प्रभ करा, नाही तर ते आतून नळी खाईल.

भारतातील वाचकांसाठी एवढेच सांगतो, की शस्त्र अधिनियम १९५९ नुसार आपल्याकडे परवान्याशिवाय ठासणीची बंदूकही तयार करता येत नाही. घरात परवान्याची जुनी बंदूक असेल तर तिच्या नळीचे काम परवानाधारक दुरुस्ती करणाऱ्याकडूनच करून घ्यावे.

सस्क्वेहाना:

सर्वांचे मनःपूर्वक आभार. डाख आणि तापमान यांचा हिशेब पाहता कोळशातला रंग मी सोडून देतो आणि गंज-ब्लूइंग करून ते हलके उतरवण्याचा मार्ग स्वीकारतो. कानात स्टेनलेस बाही आहे, ती मी आधी काढून ठेवीन. आता एकच शंका उरते: चापाची पट्टी आणि स्क्रू यांनाही हीच प्रक्रिया करावी का?

जुनी_नळी:

चापाला करू नका. चापाच्या पट्टीवर आणि घोड्यावर ठिणग्या, दारूची राख आणि बोटे सतत पडतात, त्यामुळे तिथला कोणताही रंग लवकर उडतो. ती बारीक घासून राखाडी ठेवा आणि तेल लावा. स्क्रूंची डोकी मात्र चांगली पॉलिश करून, पितळेच्या भुग्याच्या थरात ठेवून सुमारे ३०० अंशांपर्यंत सावकाश तापवा. रंग पिवळा, मग जांभळा आणि मग निळा होतो, आणि निळा दिसताच स्क्रू तेलात सोडायचा. हे काम दिवसाच्या उजेडात करा, कारण पिवळ्या दिव्याखाली जांभळा कुठे संपला आणि निळा कुठे सुरू झाला हे नीट कळत नाही.