उजनी आणि समुद्र, दोन्हीकडं चालेल अशी छोटी अ‍ॅल्युमिनियमची बोट कोणती घ्यावी?

गळवेडा_सोलापूर

नमस्कार मंडळी. जुळे सोलापुरात राहतो, गळ टाकायचा नाद जुना आहे, आधी हिप्परग्याच्या तळ्यावर काठावरनं आणि आता चार-पाच वर्षं उजनीच्या बॅकवॉटरला भाड्याच्या होडीतनं. दर खेपेला होडीवाल्याच्या वेळेवर जायचं, तो म्हणेल तिथंच थांबायचं आणि मासा लागायला लागला की नेमकं त्याला घरी जायचं असतं, म्हणून आम्ही तिघं मित्र मिळून स्वतःची बोट घ्यायची म्हणतोय.

आता भानगड अशी की माझी सासुरवाडी रत्नागिरीजवळ आहे. दिवाळीला आणि मार्चमध्ये तिकडं जाणं होतंच, तर बोट गाडीच्या मागं जोडायची, मंगळवेढा-सांगोला-मिरज करत आंबा घाट उतरायचा, खाडीत जिताड्याला बसायचं आणि हवा बरी असली तर बाहेर दहा-पंधरा किलोमीटर जाऊन सुरमई बघायची, असा प्लॅन आहे. घरात अजून सांगितलेलं नाही.

दोन पर्याय समोर आहेत. एक जुनी १२ फुटी, सपाट तळाची, रिवेट मारलेली, १५ एचपीच्या टू स्ट्रोक इंजिनासकट मिळतेय, स्वस्तात. दुसरा म्हणजे इथंच कुणाकडनं तरी १६ फुटी व्ही तळाची वेल्डिंगची बनवून घ्यायची. इंजिन, ट्रेलर सगळं धरून साडेचार लाखाच्या वर जायचं नाही. फायबर नको वाटतंय कारण वजन, आणि बोट वर्षातले दहा महिने आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये उन्हात पडून राहणार. काय करावं? कुणी वापरलीय का अशी दोन्हीकडं?

उजनीकाठ

१२ फुटीचं ऐकून लिहितोय. आमचं गाव करमाळा तालुक्यात पाण्याच्या कडेला, घरात दोन होड्या आहेत, एक पत्र्याची एक फायबरची.

उजनीला लोक तळं समजून येतात. ११७ टीएमसीचं धरण आहे ते, भरल्यावर समोरचा काठ नीट दिसत नाही काही ठिकाणी, आणि उन्हाळ्यात मायनसमध्ये, म्हणजे वापरायच्या साठ्याच्याही खाली गेलं की जुन्या गावांच्या भिंती, बाभळीची खोडं, पळसदेवचं देऊळ सगळं वर येतं. त्यात शेतकऱ्यांच्या मोटारींचे पाइप, केबली, आणि जागोजागी जाळी लावलेली, वर खूण म्हणून फक्त पाण्याच्या रिकाम्या बाटल्या. अ‍ॅल्युमिनियम इथं चांगलं हे मी मान्य करतो, खोडावर घासलं तर पोचा येतो पण फुटत नाही. दिवाळी ते फेब्रुवारी सपाट तळाची होडी मजेत चालते, उथळात कुठंही घुसते, आत उभं राहून गळ फेकता येतो, व्ही तळाची जागेवर हलत राहते.

पण वळीव. दुपारी चारपर्यंत पाणी काचेसारखं आणि मग दहा मिनिटांत असं वावधान सुटतं की बास. २०२४ च्या मे महिन्यात कुगावहून कळाशीकडं जाताना बोट उलटली, सात जणांतले सहा गेले, एकजण पोहत काठाला लागला. ते अंतर आम्ही लहानपणापासून ये-जा केलेलं आहे.

माझं स्वतःचं सांगतो. तीन वर्षांपूर्वी आम्ही तिघं, अशीच १२ फुटी, इंजिनाच्या पंख्यात जाळं अडकलं. एकजण मागं वाकून सोडवत होता, दुसरा चाकू द्यायला मागं गेला, आणि मी काय झालं बघायला मागं गेलो. तिघांचं वजन आणि इंजिन एकाच टोकाला. इंजिन लावतात ती मागची फळी १५ इंची, पाण्यापासून जेमतेम चार बोटं वर राहिली असेल, आणि एकच लाट, तीही काही मोठी नव्हती, सरळ आत. माझ्या मांडीवर डबा होता तो तरंगायला लागला तेव्हा मला कळलं. बुडलो नाही कारण पाणी छातीएवढंच होतं, नशीब. म्हणून मी आता बोटीची लांबी नंतर विचारतो, आधी मागची फळी किती उंच ते विचारतो.

आणि जाकीट अंगात घाला, सीटखाली नको. धरणात गळ टाकायला परवानगी लागते ती मत्स्यव्यवसायच्या ऑफिसात विचारून घ्या, नाहीतर काठावर वाद होतात.

बिनकामाचा_बाजीराव

तिघांत एक नाव? मग नाव कुणाच्या नावावर? 😀

टिगवाला_अक्कलकोट_रोड

मी एमआयडीसीत फॅब्रिकेशन करतो, दूध डेअरीच्या टाक्या आणि ट्रकच्या बॉड्या हे रोजचं काम, बोटी आजवर चारच केल्यात त्यामुळे मोठेपणा सांगत नाही, पण पहिल्या बोटीत मी जे खड्डे खाल्ले ते तुम्ही खाऊ नका.

कुणाकडनंही बनवून घ्या, पत्रा कोणता ते आधी विचारा. बाजारात सहज मिळतो तो ११०० नंबरचा, मऊ असतो, मी पहिली बोट त्याचीच केली आणि ती एका पावसाळ्यात तेलाच्या डब्यासारखी चेपली. बोटीला ५०८३ लागतो, निदान ५०५२. पत्र्याबरोबर टेस्ट सर्टिफिकेट मागा आणि त्यावरचा हीट नंबर, म्हणजे पत्रा ज्या घाणीतला त्याचा नंबर, पत्र्यावरच्या छापाशी जुळवून बघा, दुकानदार तोंडाने काहीही सांगतो. वेल्डिंगची वायर ५१८३ किंवा ५३५६, आमच्याकडं सगळीकडं ४०४३ पडलेली असते ती या पत्र्याला चालत नाही, सांधा कडक होऊन तडकतो. आणि वेल्डिंग बंद शेडमध्ये, पत्रा पुसून, स्टीलच्या वेगळ्या ब्रशनं घासून. ज्या ब्रशनं लोखंड घासलं तोच इथं वापरला की झालं कल्याण.

जाडी तळाला ४ मिमी, बाजूला ३ मिमी. ४ मिमीचा पत्रा चौरस मीटरला साडेदहा किलो पडतो, त्या हिशोबानं १६ फुटी बोट आतल्या फासळ्या, सीटा धरून दोनशे किलोच्या आसपास जाते, वर इंजिन. तुमच्या गाडीमागं आरामात येईल, ट्रेलरचं आरटीओ पासिंग मात्र करून घ्या.

रिवेटची वाईट असते असं नाही. पण जुनी घेताना ती उलटी न करता सरळ ठेवून आत पाणी भरा, अर्धा फूट, आणि खाली बसून बघा कुठल्या रिवेटपाशी थेंब धरतो. पंधरा मिनिटांत सगळी कुंडली बाहेर येते. विकणारा पाणी भरू देत नसेल तर चहा पिऊन घरी या.

आता दोन्ही पाण्यांचं. गोड्या पाण्यात बोटीला मॅग्नेशियमचा अ‍ॅनोड, म्हणजे धातूचा एक तुकडा, लावतात आणि खाऱ्यात जस्ताचा, तो गंजतो म्हणजे बोट वाचते एवढंच त्याचं काम. तुमच्यासारखं इकडं तिकडं करणाऱ्यानं अ‍ॅल्युमिनियमचा अ‍ॅनोड लावावा, दोन्हीकडं चालतो. जस्त गोड्या पाण्यात थर धरून बसतं आणि मॅग्नेशियम समुद्रात बघता बघता संपतं. तांबं-पितळ बोटीला टेकवायचं नाही, एक तांब्याची वायर किंवा नाणं तळात खाऱ्या पाण्यात पडून राहिलं तर तिथं भोक पडू शकतं. बॅटरीची निगेटिव्ह बॉडीला जोडायची नाही, मोटारसायकलीसारखं डोकं इथं चालवू नका, दोन्ही वायरी वेगळ्या ओढा. स्टीलचे बोल्ट घालाल तिथं मध्ये प्लास्टिकचा वायसर.

सीटखाली फोम भरायचा तो बंद पेशींचा, एक घनफूट साधारण २७ किलो उचलून धरतो. थर्माकोल भरू नका, पेट्रोल सांडलं की विरघळून जातो, मी बघितलंय, टाकीखाली नुसता चिकट गोळा राहिला होता.

आणि सोलापूरच्या उन्हात ही बोट झाकून ठेवा हो. मे महिन्यात दुपारी हाफ पँटीत त्या सीटवर बसलात तर मासे तळायला तवा वेगळा लागणार नाही.

खाडीकिनारी_रत्नागिरी

धागा आधीपासनं वाचत होतो, समुद्राचं कोणीच बोलेना म्हणून लिहितो.

दादा, दहा-पंधरा किलोमीटर बाहेर हे तुम्ही इतकं सहज लिहिलंत की मला वाईच भीतीच वाटली. १२ नॉटिकल मैल म्हणजे २२ किलोमीटर, तिथपर्यंत राज्याची हद्द, म्हणजे तुम्ही जवळपास निम्मं किंवा त्याहून जास्त बाहेर जायचं म्हणताय. तिथनं किनारा म्हणजे नुसती एक निळी रेघ. १२ फुटी सपाट तळाची विसरा, ती खाडीत ओहोटीला फिरवायला ठीक, बाहेर प्रत्येक लाटेवर पत्रा असा आपटतो की दात हलतात, आणि मासा त्या आवाजानं पळतो तो वेगळाच.

१६ फुटी व्ही तळाची, काठ उंच, फळी २० इंची, त्या उंचीला पुरेल असं लांब शाफ्टचं इंजिन, ही जाऊ शकते. पण कधी, तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी, पहाटे मतलई, म्हणजे जमिनीकडनं समुद्राकडं, वारा असतो तेव्हा निघायचं आणि अकराच्या आत खाडीत परत. मार्चपासनं दुपारचा वायव्येचा वारा जोर धरतो, तुमची मार्चची खेप खाडीपुरतीच समजा. १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी, तेव्हा प्रश्नच नाही.

आणि खरी भीती बाहेर नसते, खाडीच्या तोंडाशी असते. तिथं वाळूचा दांडा असतो, ओहोटीचं पाणी बाहेर येतं, समोरनं लाट आत येते, दोघांची गाठ पडते तिथं लाट उभी राहते आणि फुटते. सकाळी भरतीला तुम्ही तिथनं गेलात तेव्हा काहीच नव्हतं, येताना ओहोटी लागली की तीच जागा ओळखू येत नाही. आमच्याकडचे लोक बाहेर थांबतात, इंजिन हळू करून लाटा मोजतात, मोठी गेली की तिच्या पाठीवरून आत शिरतात. हे यूट्यूबवर शिकता येत नाही, चार वेळा आमच्या कुणाच्या तरी बोटीत बसून बघावं लागतं.

पेट्रोल तीन भागात धरा, एक जायला, एक यायला, एक हात न लावायला. वॉटरप्रूफ वॉकीटॉकी चॅनेल १६ वर, मोबाइल पिशवीत, कोस्ट गार्डचा १५५४ सगळ्यांनी पाठ करा, घरी कधी येणार ते सांगून जा. म्हणजे घरी सांगावं लागेलच 😀 आणि रजिस्ट्रेशनचं आधी बंदराच्या ऑफिसात बघा, तिघांच्या हौसेची बोट आणि मासे विकणाऱ्याची बोट यांचे कागद सारखे नसतात.

एक गोष्ट मात्र मी टिगवाल्यांच्या विरुद्ध बोलणार. आमच्या बंदरावर सगळ्या बोटी फायबरच्या का, तर फुटली तर कुणीही मॅट आणि रेझिन लावून संध्याकाळी पाण्यात टाकतो. तुमच्या अ‍ॅल्युमिनियमला भेग गेली तर आरगॉन गॅसवर वेल्डिंग करणारा शोधायला शहरात या, आणि तो सापडला तरी ५०८३ म्हणजे काय ते त्याला तुम्हीच सांगा. कायम समुद्रातच राहणार असता तर मी फायबरच सांगितलं असतं. तुमचं एरवी उजनी आणि चार दिवस इकडं, ट्रेलरवर चढवायची-उतरवायची, त्यामुळे अ‍ॅल्युमिनियम म्हणताय ते बरोबरच आहे. फक्त इकडनं जाताना बोट आणि इंजिन दोन्ही गोड्या पाण्यानं धुवा, इंजिन गोड्या पाण्यावर दहा मिनिटं चालवा, मीठ घेऊन घाट चढू नका. आत कार्पेट अंथरू नका, ते खारं पाणी धरून बसतं, रबरी मॅट टाका उचलता येईल अशी.

सुरमईच हवी असेल तर पहिली दोन वर्षं आमच्याकडची मोठी बोट ठरवून गरवायला या. तुमची बोट खाडीत ठेवा. जिताडा काय कमी मासा आहे का.

उजनीकाठ

हे बरोबर बोलले. बोट उजनीची घ्यायची आणि समुद्रावर पाहुणी म्हणून न्यायची.

गळवेडा_सोलापूर

सगळ्यांचे आभार, एवढं कुणी लिहील वाटलं नव्हतं. काल १२ फुटी बघायला गेलो, टिगवाल्यांनी सांगितल्यासारखं पाणी भरूया म्हणालो तर मालक म्हणाला "अहो बोट बाहेरनं पाण्यात ठेवतात, आतनं नाही". तरी भरलं. मधल्या सीटखाली सात थेंब मोजले आणि आठवा धरायच्या आत त्यानंच किंमत वीस हजारांनी कमी केली. फळी मोजली, १५ इंच. चहा पिऊन घरी आलो.

तर १६ फुटी, ४ मिमी तळ, फळी २० इंच, इंजिन नंतर बघू, आणि पहिलं वर्ष फक्त उजनी आणि खाडी. सुरमईचं बायकोच्या काकांशी बोललो, ते म्हणाले डिसेंबरात या, आमच्या ओळखीच्या बोटीत बसवतो. म्हणजे घरी पण कळलंच आता. पहिला प्रश्न तिनं विचारला तो बोटीचा नव्हता, "ती ठेवणार कुठं?" हा होता, आणि मी टेप घेऊन खाली गेलो तर पार्किंगचं गेट ५ फूट १० इंच. टिगवाले दादा, १६ फुटी बोटीची रुंदी किती होते?

टिगवाला_अक्कलकोट_रोड

सहा फूट. ट्रेलरचे मडगार्ड वेगळे.

शनिवारी या शेडवर, रुंदी कमी करायची नाही, समुद्रात तीच कामाला येते. गेट लोखंडी असेल तर आमच्याकडं ग्राइंडर आहे, सोसायटीच्या चेअरमनला मात्र तुमचं तुम्ही बघा.