रेडिएटरमुळं जुन्या फायटर विमानांचा स्पीड खरंच एवढा कमी व्हायचा का?

होटगी_रोडवाला:
दिवाळीत दिल्लीला गेलतो, पालमच्या एअरफोर्स म्युझियममध्ये दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिश फायटर स्पिटफायर बघितलं, अंगावर काटा आला. पण पंखाखालचे ते रेडिएटरचे दोन चौकोनी डबे बघितल्यापासून डोक्यात किडा घुसलाय. बाकी विमान एवढं गुळगुळीत आणि हे डबे वाऱ्यात तसेच? घरी सिम्युलेटरवर पण रेडिएटरचा फ्लॅप (हवा बाहेर सोडायची झडप) उघडला की स्पीड उतरतो, बंद केला की इंजिन तापतं. त्याच काळातल्या अमेरिकन मस्टँगला तर पोटाखाली केवढं मोठं तोंड हाय, तरी ते जास्त पळायचं. कसं काय? कोणीतरी नीट सांगा की.

मोहोळचा_फिटर:
भाऊ मी ट्रॅक्टर-ट्रकची कामं करतो, विमानातलं फार कळत नाही, पण उसाच्या ट्रॅक्टरची जाळी पाचटानं भरली की इंजिन उकळतं, म्हणून आम्ही जाळी जेवढी मोकळी तेवढी चांगली म्हणतो. विमानात पण तेच असणार ना, मोठं तोंड, जास्त हवा?

बाल्सावाला_अक्कलकोट:
काका, ट्रॅक्टरला बरोबर हाय, तो २० च्या स्पीडनं चालतो. इथं ताशी ६०० किमीची हवा थेट जाळीवर आदळली तर ती रेडिएटर कमी आणि ब्रेक जास्त होते. म्हणून उलटं करायचं, तोंड लहान ठेवायचं आणि आत बोगदा हळूहळू रुंद करत न्यायचा. उजनीच्या कॅनॉलचं पाणी अरुंद जागेत पळतं आणि रुंद झालं की शांत होतं, तसंच. हवेचा वेग निम्मा झाला की जाळीतला विरोध पावपट राहतो. मग मागं बोगदा परत अरुंद करून हवा जोरात बाहेर सोडायची, आणि मधे ती तापलेली असते म्हणून बाहेर पडताना थोडा धक्का पण देऊन जाते. हे गणित ब्रिटनमधल्या फार्नबरोच्या मेरेडिथनं १९३५ ला मांडलं, म्हणून याला मेरेडिथ इफेक्ट म्हणतात.

स्पिटफायरमध्ये पण हे वापरलेलं, पण पंखाखाली जागाच कमी, बोगदा आखूड. मस्टँगमध्ये लांबच्या लांब बोगदा मिळाला. शिवाय तोंड पोटाला चिकटवलं नाही, फट ठेवली, कारण अंगाला घासत येणारी हवा मंद आणि विस्कटलेली असते, ती आत घेतली की सगळं बिघडतं. मला तर ती फट म्हणजे त्या विमानातली सगळ्यात हुशार गोष्ट वाटते. मर्लिन इंजिन दोघांत एकाच जातीचं, तरी स्पिटफायरचं ९ नंबरचं मॉडेल ताशी साधारण ६५५ किमी आणि मस्टँगचं बी मॉडेल ७०० च्या वर.

कॅम्प_सदरबझार:
वरचं चांगलं सांगितलंय, फक्त दोन गोष्टी. एक, रेडिएटर विमानाला उलट पुढं ढकलतो असं लोक सांगत सुटतात, तसं नका धरू, त्या धक्क्यानं स्वतःचाच बराचसा ड्रॅग (हवेचा विरोध) भरून निघतो, एवढंच. आणि ५० किमीचा सगळा फरक रेडिएटरचा नाही, मस्टँगचा पंख पण वेगळा.

दोन, आकडा हवा असेल तर असा बघा. लागणारी ताकद वेगाच्या घनानं वाढते, म्हणून एकूण ड्रॅग १० टक्के कमी केला तर स्पीड साधारण साडेतीन टक्केच वाढतो, ६०० ला वीसएक किमी. ऐकायला कमी वाटतं, पण पाठलाग करणाऱ्याला तेवढ्यात गाठता येतं नाहीतर निसटता येतं.

टेम्पेस्ट या ब्रिटिश फायटरचं उदाहरण मला सगळ्यात आवडतं. टेम्पेस्ट ५ ला नाकाखाली मोठा रेडिएटर, स्पीड ७०० च्या आसपास. टेम्पेस्ट १ ला तोच पंखाच्या पुढच्या कडेत घातला तर ७५० पर्यंत गेलं. इंजिन थोडं वेगळं होतं हे खरं. आपल्या एअरफोर्सनं वापरलं ते टेम्पेस्ट २, त्याचं इंजिन हवेवर थंड होणारं, म्हणून त्याला नाकाखालची रेडिएटरची हनुवटीच नाही.

होटगी_रोडवाला:
आत्ता कळलं! मग पंखाच्या पत्र्यातूनच पाणी फिरवलं तर ड्रॅग शून्य, असं का नाही केलं?

बाल्सावाला_अक्कलकोट:
केलंय की. १९३१ च्या सुपरमरीन एस ६ बी या ब्रिटिश शर्यतीच्या विमानाच्या पंखातच रेडिएटर होते, जर्मन हाइंकेल १०० नं तर इंजिनची वाफ पंखात थंड करून १९३९ ला ताशी ७४६ किमीचा रेकॉर्ड केला. पण लढाईत पंखाला एक गोळी लागली की पाणी संपलं, आणि गळती शोधायला अख्खा पंख सोलायचा. फिटर काका, तुम्हीच सांगा, असलं काम तुमच्याकडं आलं तर घ्याल का?

मोहोळचा_फिटर:
नाही बाबा. डबाच बरा, चार बोल्ट काढले की हातात येतो.