निफाडमधून जाणारे ट्रक गावात तरी हळू का जात नाहीत?

निफाडकर: नाशिक-येवला रोड आमच्या गावातूनच जातो, कांद्याचा सीझन आला की ट्रकच ट्रक, आणि शाळा सुटायच्या टायमालाही असे सुसाट जातात की टपरीवरचे ग्लास थरथरतात. काय करता येईल?

गाडीवान: मी ट्रकच चालवतो भाऊ. स्पीड डबल झाला की ब्रेक मारल्यावर थांबायला जवळपास चौपट अंतर लागतं, म्हणून मी वेशीच्या अलीकडेच खालचा गिअर टाकतो. मालकाचे फोन चालूच असतात कुठं पोचला म्हणून, पण पाच मिनिटांपायी कुणाचं पोरगं चाकाखाली यायला नको.

येवलेकर: बहुतेक ट्रकचा स्पीड गव्हर्नर (ठरलेल्या वेगापुढे गाडी जाऊ न देणारं यंत्र) ताशी ८० किमीला सेट असतो, गावात त्याचा काय उपयोग! मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर जड वाहनाला ओव्हरस्पीडचा दंड २ ते ४ हजार आहे (कलम १८३), पण पकडणारं कोणी हवं ना. शाळेसमोर रम्बलरसाठी (गाडी हळू व्हावी म्हणून रस्त्यावर मारतात ते उंच पट्टे) लेखी अर्ज द्या, तोंडी सांगून काही होत नाही.

निफाडकर: रम्बलर होते दादा, नवीन डांबर टाकलं तेव्हा गेले ते परत मारलेच नाहीत. सोमवारी पालकांच्या सह्या घेऊन अर्ज देतो.