बी-३०२ चा भाडेकरू (सोसायटी ग्रुप, नांदेड)

ए-१०४ काका: बी-३०२ ला जे पोरगं आलंय, त्याच्या मानेवर विंचू गोंदलाय. दोन्ही हात कोपरापर्यंत काळेनिळे, कानात बाळी. सेक्रेटरी साहेब, फ्लॅट देताना कुणी बघतं का नाही? लेकीबाळी राहतात इथं.

सेक्रेटरी: करार झालाय काका. पोलीस स्टेशनला माहिती पण गेलीय, सगळ्या भाडेकरूंची जाते तशी.

ए-१०४ काका: मग रविवारच्या शिबिरात त्याचं रक्त का घेतलं नाही? काहीतरी असल्याशिवाय माघारी पाठवतात का?

सी-४०२: त्याच्या मागं लाईनीत मीच होतो. विंचू दिवाळीत काढलाय, हे त्यानं स्वतःहून सांगितलं. गोंदल्यावर १२ महिने रक्त घेत नाहीत, सुईतून कावीळ जाऊ शकते म्हणून. लपवलं असतं तर कुणाला कळलं असतं? आपण तर बीपीची गोळी पण लपवतो.

बी-१०१: काकांचं एका बाबतीत बरोबर आहे. सैन्यभरतीला मानेवरचा टॅटू चालत नाही. मनगट ते कोपर, आतल्या बाजूला असेल तर चालतो. भरतीच्या पोरांनी लक्षात ठेवा.

ए-१०४ काका: बघा! सरकारलाच पटत नाही.

ए-१०४ नात: आजी बोलायलीय, मी टाईप करते 👇
"माझ्या हनुवटीवर तीन ठिपके हायेत, हातावर तुळशीवृंदावन. नऊ वर्षांची आसन मी. माळेगावच्या जत्रंत गोंदणारणीनं गुडघ्याखाली हात दाबून धरला. तीन सुया दोऱ्यानं बांधलेल्या, काजळीत बुडवून टोचायली. मी बोंबलू लागले तर माय म्हनली, गप, सोनंनाणं हितंच ऱ्हातं, मेल्यावर संगट एवढंच येतं. पुढं ह्यांची बदली पुण्याला झाली. शाळंत गॅदरिंग होतं तवा लेक म्हनला, आई, हनुवटीला पावडर लाव, पोरं गावंढळ म्हणतेत. लावली. पुण्यात होतो तवर रोज लावली. तव्हा गावंढळ, आता गुंड. शाई तर तीच हाय बाबा."

सी-४०२: 🙏🙏

सेक्रेटरी: आजी, लेक म्हणजे...?

ए-१०४ काका: आई, हे ग्रुपवर कशाला? घरात बोलू ना.

ए-१०४ नात: आजी म्हणायलीय, मग विंचवाचं पण घरातच बोलायचं होतंस.